कुमुदकाकू आणि आमचं धुराडं

कुमुदकाकूंचं मला झालेलं पहिलं दर्शन कमरेपासून खालचं होतं.

आमच्या नव्या घराची वास्तुशांत होती. नवं म्हणजे आम्हाला नवं. घर नव्वद वर्षांचं होतं, अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावापासून वीस मिनिटांवर, जुन्या झाडांच्या गल्लीत. गुरुजींनी आरतीसाठी सगळ्यांना उभं केलं. मी तबक घेऊन वळले, तर आमच्या फायरप्लेसमधून एक हिरवी रेशमी साडी आणि जाड लोकरीचे मोजे बाहेर आलेले. उरलेली बाई धुराड्यात होती.

"अहो, कोण आहे आत?" मी घाबरून विचारलं.

"मी कुमुद," आतून घुमल्यासारखा आवाज आला. "तुमची आरती होऊ द्या. मला इथून ऐकू येतंय."

आरती झाली. 'मंत्रपुष्पांजली' संपता संपता त्या बाहेर आल्या. सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात छोटा आरसा आणि नाकावर काजळी. त्यांनी देवाला नमस्कार केला आणि माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "नितीन ना तू? हे धुराडं आतून तडकलंय. इथे काडी ओढायची नाही. प्रसाद कुठे मिळतोय?"

मग त्यांनी पिशवीतून भेट काढली. चमचमत्या कागदात बांधलेलं चौकोनी खोकं. चांदीचं निरंजन असेल असं वाटून मी उघडलं, तर आत कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा इशारा देणारा अलार्म. सोबत बॅटऱ्या. मला हसावं की आभार मानावं कळेना. नंतर कळलं, की आमच्या भागातल्या मराठी लोकांत लग्न असो, डोहाळजेवण असो, मुंज असो, काकू हेच देतात. एका नवऱ्या मुलीने म्हणे तिचे तीन अलार्म शेजाऱ्यांना वाटले होते. काकूंनी तिला चौथा आणून दिला आणि स्वतः भिंतीवर लावला.

कुमुदकाकू सत्तरच्या दशकात लग्न होऊन अमेरिकेत आल्या. इंजिनिअर त्या आधीच होत्या, कॉलेजात त्यांच्या वर्गातली एकमेव मुलगी. इथे एका बॉयलरच्या कंपनीत त्यांनी ड्रॉइंग करण्यापासून सुरुवात केली आणि निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या सहीशिवाय तिथला बॉयलर कारखान्याबाहेर पडत नसे. पण हे त्यांनी कधी सांगितलं नाही, इतरांकडून कळलं. स्वतःबद्दल बोलायला त्यांना वेळच नसायचा. त्या कायम कशात तरी डोकावत असायच्या. गणपतीच्या मंडपात लोक आरास बघायचे, काकू वायरी बघायच्या. त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. कुणीही काहीही म्हटलं, की "मोजलंस का?" 'आज फार थंडी आहे काकू.' 'मोजलीस का?' 'पोरगी फार उंच झाली.' 'मोजलीस का?' आणि मोजली नसेल तर पिशवीतून टेप निघायची. आमच्या नऊ वर्षांच्या इराची उंची त्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने अशी काटेकोर लिहिली होती, की डॉक्टरांकडची मापं तिच्यापुढे अंदाजपंचे वाटावीत.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर माझ्या सासूबाई, आई, सांगलीहून आल्या. माझे सासरे जाऊन वर्ष झालं होतं. तिकडचं घर बंद केलं होतं आणि आता त्यांनी आमच्याकडेच राहावं असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे नितीनने ठरवलं होतं. आई हो म्हणाल्या नव्हत्या, नाहीही म्हणाल्या नव्हत्या. नोव्हेंबर आला आणि त्या खोलीतून बाहेर येईनाशा झाल्या. दोन स्वेटर, शाल, कानटोपी, वर गोधडी. गुडघे धरलेले. जुन्या घराच्या खिडक्यांतून वारा शिट्ट्या मारत यायचा आणि हीटर रात्रंदिवस घुरघुरत असायचा. एका सकाळी आई चहाचा कप दोन्ही हातांत धरून शांतपणे म्हणाल्या, "मेघना, माझं परतीचं तिकीट काढा. मला इथे जमायचं नाही."

सांगलीत कुणी नव्हतं. हे त्यांनाही माहीत होतं. नितीन उठून गॅरेजमध्ये गेला आणि बराच वेळ आला नाही.

मी काकूंना फोन केला. का केला, सांगता येणार नाही. त्या अर्ध्या तासात आल्या, आईंच्या खोलीत गेल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि पिशवीतून थर्मामीटर काढून टेबलावर ठेवला. पाच मिनिटं दोघी त्याच्याकडे बघत होत्या.

"बरोबर आहे विमलताई तुमचं," काकू म्हणाल्या. "ही खोली राहण्यासारखी नाही. तुम्ही जाऊ नका, आपण खोली बदलू."

"खोली कशी बदलणार?"

"तुमच्या मुलाच्या हॉलमध्ये एक भलं मोठं भोक आहे. घरातली सगळी ऊब त्यातून वर जाते. त्या भोकात आपण चूल बसवू."

आईंच्या चेहऱ्यावर महिन्यात पहिल्यांदा काहीतरी हललं. "अमेरिकेत चूल?"

अशी आमच्या लाकडाच्या स्टोव्हची सुरुवात झाली.

दुकानात काकू, मी आणि नितीन गेलो. सेल्समन उंचापुरा, गोड बोलणारा. त्याने सरळ सगळ्यात मोठ्या स्टोव्हपाशी नेलं. "हा घेतलात की पूर्ण घर गरम!"

"खोली मोजलीस का आमची?" काकूंनी इंग्रजीत विचारलं.

तो हसला. काकू हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून आमच्या हॉलचा नकाशा काढला. नकाशा कधी काढला होता कोण जाणे, त्यात सोफाही होता. "मोठा घेतला की उकडतं. उकडलं की माणसं हवा बंद करून आग दाबून ठेवतात. दाबली की धुमसते. धुमसली की काजळी. काजळी पेटली की घर." एवढं बोलून त्या मधल्या आकाराच्या स्टोव्हपुढे मांडी घालून बसल्या. पर्समधून एक डॉलरची नोट काढली, स्टोव्हच्या दारात अर्धी आत अर्धी बाहेर धरून दार लावलं आणि ओढून पाहिली. निघेना. दुसऱ्या कोपऱ्यात लावली, तिथेही निघेना. दार सगळीकडून घट्ट बसतं की नाही ते बघत होत्या. सेल्समनला वाटलं, टीप आहे. "ओह, यू आर सो काइंड!" म्हणत त्याने नोटेला हात घातला.

"ओढ," काकू म्हणाल्या. "निघाली तर तुझी."

त्याने ओढली. नोट फाटली. अर्धी त्याच्या हातात, अर्धी दारात. काकूंनी प्रसन्न चेहऱ्याने मान हलवली. "हाच घेऊ या."

नितीन गाडीत बसेपर्यंत हसत होता. काकू मात्र गंभीर होत्या. "दार चालेल," एवढंच म्हणाल्या. 'चालेल' ही त्यांच्याकडून मिळणारी सर्वोच्च पदवी होती. 'छान' त्यांनी कशालाच म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

स्टोव्ह घरी येईपर्यंत त्यांनी लाकडांचा बंदोबस्त केला. ओलं लाकूड म्हणजे नुसता धूर, म्हणून लाकडाचा ओलावा मोजायचं एक छोटं यंत्र त्यांच्याकडे होतं. दोन अणकुचीदार टोकं खुपसायची, की आकडा दिसतो. लाकूडवाल्याच्या ट्रकमधल्या दर दहाव्या ओंडक्याला त्यांनी टोचलं आणि अर्धा ट्रक परत पाठवला. तो गेल्यावरही त्यांचा हात थांबेना. बागेतलं बाक टोचलं. नितीनने हौसेने केलेला पाव टोचला आणि "अजून महिनाभर वाळव" म्हणाल्या. आई खिडकीतून बघत होत्या. संध्याकाळी त्यांनी मला हळूच विचारलं, "ती बाई उद्या पण येणार आहे का?"

धुराड्यात नळी सोडायचा दिवस उजाडला. तडकलेल्या जुन्या धुराड्याच्या आतून वरपासून खालपर्यंत स्टीलची लवचीक नळी घालायची आणि खाली ती स्टोव्हला जोडायची, म्हणजे धूर त्या नळीतूनच जातो. हे काम करणारा रॉय हा दाढीवाला, शांत माणूस छतावर चढला. काकूंनाही चढायचं होतं. नितीनने शिडी धरून ठेवली नाही, शिडीला मिठी मारली, तेव्हा कुठे त्या खाली थांबायला तयार झाल्या. त्यांनी साडीवर नितीनचं जुनं जॅकेट घातलं, डोक्याला रुमाल बांधला आणि फायरप्लेसमध्ये शिरल्या. आई जुन्या चादरीने झाकलेल्या खुर्चीवर पुढे येऊन बसल्या, नाटकाला पहिल्या रांगेत बसावं तशा.

नळी सरसरत खाली आली आणि धुराड्याच्या तळाशी, जुन्या झडपेच्या अरुंद जागेत अडकली. वरून रॉय ढकलतोय, खालून काकू नळीच्या टोकाला बांधलेली दोरी ओढतायत. काकूंचं इंग्रजी उत्तम होतं. पण त्या क्षणी ते त्यांना सोडून गेलं.

"अरे, डावीकडे फिरव! डावीकडे! ढकलू नको मेल्या, फिरव!"

वरून आवाज नाही. मग नळी हळूहळू डावीकडे फिरली. खरोखर डावीकडे. आणि पुढच्या क्षणी धबकन आवाज झाला. नळी, बादलीभर काजळी आणि पक्ष्याचं एक जुनं घरटं असं सगळं एकदम खाली आलं. हॉलमध्ये काळा ढग. ढग बसला तेव्हा काकू उभ्या होत्या. नखशिखांत काळ्या, डोक्यावर घरटं आणि हातात नळीचं टोक.

"आली," त्या म्हणाल्या.

"डोन्ट मूव्ह, आजी! फोटो!" इरा ओरडली.

आणि आई हसल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, मग गुडघ्यावर हात मारून. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नितीन दारात उभा राहून आईकडे बघत होता. सासरे गेल्यापासून हा आवाज त्या घरातच काय, फोनवरही आम्ही ऐकला नव्हता.

रॉय खाली आल्यावर मी त्याला विचारलं, "तुला कसं कळलं त्या काय म्हणाल्या?"

"कळलं नाही," तो म्हणाला. "मी उजवीकडे फिरवून ढकलत होतो. माझी आजी असं ओरडली, की मी करत असेन त्याच्या उलट करायचो."

काम एका दिवसात संपलं नाही. खालचा एक जोड आणि टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, इन्स्पेक्टरची तपासणी राहिली. "ऑलमोस्ट डन," म्हणून रॉय गेला, सोमवारी येतो म्हणाला. आणि शनिवारी बर्फाचं वादळ आलं.

दुपारी दोन वाजता वीज गेली. हीटरची घुरघुर थांबली आणि घर एकदम मुकं झालं. चार वाजेपर्यंत आईंची बोटं निळसर दिसायला लागली. समोर कोरा करकरीत स्टोव्ह, बाजूला वाळलेली लाकडं. नितीनने काडेपेटी आणली.

तेवढ्यात दार वाजलं. काकू. त्यांची लाल गाडी बर्फात गल्लीच्या तोंडाशी सोडून चालत आल्या होत्या. जॅकेटवर बोटभर बर्फ. त्यांनी नितीनच्या हातातली काडेपेटी पाहिली, सरळ आत आल्या आणि स्टोव्हच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसल्या.

"काकू, सरका," नितीन म्हणाला. "आई गारठलीये. रॉय म्हणाला ना, ऑलमोस्ट झालंय."

"ऑलमोस्ट म्हणजे किती?"

"काकू, प्लीज! ही मोजमापं करायची वेळ नाहीये." तो पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडला. "माझी आई आहे ती!"

काकू रागावल्या नाहीत. त्यांनी मफलर सोडला, घडी घातली आणि मांडीवर ठेवला.

"मी या देशात आले त्याला तीन आठवडे झाले होते," त्या म्हणाल्या. "भाड्याचं घर, दुसरा मजला. खाली घरमालकाचा बॉयलर. धुराड्यात पक्ष्यांनी घरटं केलेलं, कुणी बघितलं नव्हतं. त्या दिवशी डोकं दुखत होतं. मला वाटलं, आईची आठवण येतेय. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. पोळ्या लाटता लाटता मी खाली पडले. आमचे हे डबा विसरले होते. अर्ध्या वाटेतून परत आले म्हणून मी बसले आहे इथे. खालच्या मजल्यावरची म्हातारी नाही राहिली." मांडीवरच्या मफलरची घडी नीट करत त्या म्हणाल्या, "मी इंजिनिअर होते रे. सगळं शिकले होते. बघितलं नव्हतं एवढंच."

नितीनने काडेपेटी खिशात टाकली.

"आता उठा सगळे," काकू एकदम म्हणाल्या, जणू काही झालंच नाही. "माझ्या बिल्डिंगला जनरेटर आहे. विमलताई, तुमची गोधडी घ्या. माझ्याकडे पांघरुणं कमी आहेत."

एका बेडरूमच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही दोन दिवस राहिलो. मी, नितीन आणि इरा हॉलमध्ये गादीवर, आई काकूंच्या पलंगावर. दार लोटलेलं, आणि आतून दोघींचं खिदळणं. काकू एवढ्या खिदळू शकतात हे मला माहीत नव्हतं. सकाळी आईंनी भाकरी केल्या. काकूंनी एक भाकरी टोचली, आकडा बघितला आणि म्हणाल्या, "चालेल." आईंनी त्यांच्या हातातून यंत्र काढून घेतलं आणि डाळीच्या डब्यात ठेवून दिलं. ते परत मागायची काकूंची हिंमत झाली नाही.

सोमवारी रॉय आला. आम्ही सगळे जमलो. त्याने स्टोव्हच्या मागे हात घातला, नळीला जरासं हलवलं, आणि ती अलगद सुटून त्याच्या हातात आली. स्क्रू लागलेच नव्हते. नुसती टेकवलेली होती. वादळाच्या दिवशी आग पेटवली असती तर सगळा धूर हॉलमध्ये, आमच्यात आला असता.

रॉय नळीकडे बघत राहिला. मी काकूंकडे बघितलं. 'मी म्हटलं होतं ना' म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता. त्या आईंना म्हणाल्या, "विमलताई, चहा टाकता का? रॉयलाही द्या. थंडीतून आलाय." मग त्याच्या शेजारी बसून त्यांनी एकेक स्क्रू त्याच्या हातात दिला.

इन्स्पेक्टर आला, बघून गेला, मंजुरीचा हिरवा कागद चिकटवून गेला. मग पहिली आग. काडी आईंनी लावायची असं ठरलं. त्यांनी विटांना हळदकुंकू वाहिलं. लोखंडाला लावायला काकूंनी बंदी केली. काकूंनी सांगितलेली रचनाच उलटी होती: मोठी लाकडं खाली, बारीक काटक्या वर, आणि काडी सगळ्यात वर. आई म्हणाल्या, "आमच्याकडे चूल खालून पेटवतात." "ही अमेरिकन आहे," काकू म्हणाल्या.

पेटली. वरून खाली, शहाण्या मुलीसारखी. आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि लगेच काकू म्हणाल्या, "आता खिडक्या उघडा. सगळ्या."

"काय?" आम्ही चौघं एका सुरात.

"स्टोव्हचा रंग नवीन आहे. पहिल्या तीन आगींत जळतो, वास मारतो."

महिनाभर ज्या उबेची वाट बघितली, तिच्या पहिल्या दिवशी आम्ही सताड उघड्या खिडक्यांत जॅकेटं, टोप्या, हातमोजे घालून उभे होतो. बाहेरचा बर्फ आत येत होता. इरा गोल गोल नाचायला लागली. मग नितीन. मग आईंनी काकूंचे हात धरले आणि दोघींनी त्या लोकरीच्या मोज्यांवर, आमच्या नव्वद वर्षांच्या लाकडी जमिनीवर, फुगडी घातली. फार वेळ नाही, चार फेरे. शेजारचे लोक अंगणातला बर्फ उपसत होते. ते फावडी टेकवून आमच्याकडे बघत राहिले.

आईंनी तिकिटाचा विषय पुन्हा काढला नाही. जानेवारीत त्यांनी निखाऱ्यांत वांगं भाजलं आणि भरिताला फोडणी देताना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी लाकडं जरा आधी आणा." नितीन माझ्याकडे बघून नुसता हसला.

दोन वर्षांनी काकू मॉरिसव्हिल गावी लेकीकडे राहायला गेल्या. जाताना आमचं धुराडं साफ करून घेतलं. त्यानंतर त्या आम्हाला एकदाच भेटल्या, त्या उन्हाळ्यात. पुढच्या वसंतात त्या गेल्या, झोपेत, शांतपणे. फोन आला तेव्हा आई बराच वेळ स्टोव्हजवळच्या खुर्चीत बसून होत्या.

पण मला दिसतो तो उन्हाळ्यातला रविवार. आम्ही त्यांच्या लेकीच्या घरी पोचलो, तर काकू घरात नाहीत. "आईची पोहण्याची शिकवणी असते," लेक कपाळाला हात लावून म्हणाली. "अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिला सुचलंय."

आम्ही कॉलनीच्या पोहण्याच्या तलावावर गेलो. काकू पाण्यात होत्या. गुडघ्यापर्यंतचा निळा पोहण्याचा पोशाख, डोक्यावर पिवळी रबरी टोपी, दोन्ही हातांनी काठ गच्च धरलेला. शिकवणारी मुलगी चार हातांच्या अंतरावर उभी राहून बोलावत होती. काकूंनी आम्हाला पाहिलं नाही. आई कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभ्या होत्या.

"लेट गो, मिस कुमुद," ती मुलगी म्हणाली. "आय हॅव यू."

काकूंनी खालच्या पाण्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. मी वाट बघत होते, त्या आता 'मोजलंस का?' विचारतात याची. पण त्यांनी काहीच विचारलं नाही. डोळे मिटले, गालांत हवा भरली आणि काठ सोडला. पाणी उसळलं, पिवळी टोपी खाली गेली, वर आली, आणि हातपाय झाडत, फुसफुसत, त्या मुलीच्या दिशेने निघाल्या. शेजारून आई जाळी गदागदा हलवत ओरडत होत्या, "कुमुदताई! आल्या, आल्या, पोचल्याच की!"